आतून रंगवलेली काच

धाकट्याच्या मिशा पिकल्या, चष्मा जाड झाला, उठताना कंबर धरायची सवय लागली, तरी अख्खी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. मोठा अजून होता ना! मोठा असेपर्यंत धाकट्याची बढती होत नसते. त्या मोठ्याला सगळे दादा म्हणायचे, आणि त्यात दादापेक्षा वयाने वडील असलेली माणसंही आली. काही माणसं दादा म्हणूनच जन्माला येतात, त्याला इलाज नाही.

दोघा भावांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, समोर काच, आत टर्पेंटाइनचा वास आणि भिंतीला टेकवलेल्या अर्ध्यामुर्ध्या पाट्या. दाराजवळ टेबल टाकून दादा बसायचा. गिऱ्हाईक, फोन, घासाघीस, "परवा या" हे सगळं त्याच्याकडे. आतल्या बाजूला बुटक्या स्टुलावर धाकटा बसायचा, अक्षर त्याच्याकडे. पूर्वी दादाही रंगवायचा. रंगवायचा काय, धाकट्याला त्यानेच शिकवलं होतं, मनगट धरून, एकेक काना, एकेक वेलांटी. आईवडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडून ब्रश धरला आणि धाकट्याला वाढवलं. धाकट्याचं पोट भरल्याशिवाय तो स्वतः ताटावर बसायचा नाही.

पुढे दादाचा हात कापायला लागला. पेन्सिल चुकली तर खोडता येते, ब्रश चुकला की पाटी गेली. तेव्हापासून दादा नुसता खाका करून द्यायचा. कागदावर अक्षरं काढायची, त्यांच्या कडेकडेने टाचणीने भोकं पाडायची, कागद पाटीवर धरून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की पाटीवर ठिपके उमटतात. ठिपके दादाचे, त्यांच्या मधला रंग धाकट्याचा. असं त्यांचं बरं चाललं होतं.

दादाने शिकवलेला पहिला धडा म्हणजे पाटी वाचायची नाही, बघायची. "वाचायला लागलास की डोकं हाताच्या पुढे पळतं आणि अक्षर बिघडतं. 'क' म्हणजे एक दांडी आणि दोन्ही बाजूंना पोटं. तू पोटं भर, बाकी लोक वाचतील." धाकट्याने हे इतकं मनावर घेतलं की गावातली निम्मी अक्षरं त्याच्या हातची असूनही त्यातली एकही ओळ त्याने वाचलेली नव्हती. एकदा त्याने "आज सभागृह बंद आहे" अशी सुरेख पाटी केली, स्वतः नेऊन दारावर ठोकली, आणि आत काय कार्यक्रम आहे ते बघावं म्हणून तिथेच बाकावर बसून राहिला. दादाची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायची, आणि सगळ्यात मोठ्याने धाकटाच हसायचा.

माणूस भोळा म्हणायचा की बावळट, यावर गल्लीत दोन मतं होती. पण दादा म्हणेल ती त्याची पूर्व दिशा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कधीकाळी त्याच्यासाठी एक मुलगी बघितली होती. तिला तो पसंत होता, त्याला ती पसंत होती. दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही दादा तेच म्हणाला. आता ती बाई नातवाला कडेवर घेऊन शिवणक्लासची पाटी नवी करायला दुकानात येते, आणि धाकटा तिच्या पाटीला रंगाचा एक हात जास्त मारून देतो. या सगळ्याचा त्याच्या मनात दादाविषयी काडीचाही राग नव्हता. मला आहे, पण मला कोण विचारतो!

तर अशा या माणसाच्या हाती अख्ख्या विश्वाची सत्ता आली. कशी आली ते आता सांगतो.

गावाबाहेर एक संशोधन संस्था होती. तिथे नेमकं काय चालतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आत काम करणाऱ्यांनाही थोडंथोडंच माहीत होतं. तिथल्या दारांवर अक्षरं काढायचं काम धाकट्याला मिळालं. मुख्य दारावर "प्रवेश बंद" काढायच्या आधीच त्याचा काळा रंग संपला. शिपायाने कुठल्याशा कपाटातून एक बिनलेबलाचा डबा काढून दिला. "हा चालतोय का बघा." चांगलाच चालला. ब्रश टेकला की रंग आपण होऊन ठिपक्यापर्यंत जायचा आणि तिथे शहाण्यासारखा थांबायचा. काम झाल्यावर उरलेला डबा धाकट्याने पिशवीत टाकला. उरलेला रंग कुठलाही पेंटर टाकून देत नाही, मग तो रंग कुणाचा का असेना.

दुसऱ्या दिवशी संस्थेत कुणालाच शिरता येईना. दार सताड उघडं, पण उंबऱ्याशी गेलं की पाय आपले वळून परत. संचालक लांबून पळत आले, डोळे मिटून उडी मारली आणि पायरीवर येऊन बसले. मोठमोठे शास्त्रज्ञ जेवणाचे डबे घेऊन बाहेर झाडाखाली बसलेले, आणि आत फोन वाजून वाजून थकलेला. शेवटी ज्यांनी हा रंग तयार केला होता त्या डॉक्टरबाई धापा टाकत भावांच्या दुकानात आल्या. त्यांनी आधी धाकट्याचा हात उलटासुलटा करून बघितला, मग डब्यात डोकावून बघितलं, आणि मग समोरच्या रिकाम्या डब्यावर मटकन बसल्या.

"वस्तूंना सूचना कळावी एवढंच मला हवं होतं हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे भिंतीवर 'कोरडी राहा' लिहिलं की भिंत कोरडी राहील. पण हा जरा जास्तच आज्ञाधारक निघाला."

"मग घेऊन जा तुमचा डबा," धाकटा म्हणाला. "मी न विचारता आणला, माझंच चुकलं."

"नेऊन काय करू? कोंबडीचं पिल्लू पहिल्यांदा ज्याला बघतं त्याच्याच मागे फिरतं ना, तसं झालंय. हा आता फक्त तुमचा हात ओळखतो. तुम्ही लिहाल ते होईल. पुसायचं तरी तुम्हालाच खरवडावं लागेल, दुसऱ्या कुणाचं पातं चालणार नाही."

"लिहील ते म्हणजे काय काय?" दादाने खुर्चीतून विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. "मर्यादा कुठे आहे ते शोधावं लागेल," त्या म्हणाल्या.

शोधली. आधी धाकट्याने "प्रवेश बंद" खरवडलं आणि शास्त्रज्ञ आत गेले. मग एका खोलीत त्याने "इथे वजन लागत नाही" असं लिहिलं, तर पाहणी करायला आलेले संचालक छताला जाऊन टेकले, त्यांच्या हातातला चहा त्यांच्या आधी पोचला होता. मग डॉक्टरबाईंनी मागच्या भिंतीवर लिहायला लावलं, "उद्या सूर्य जरा उशिरा उगवेल." खरोखर उशिरा उगवला. कोंबडे आरवून आरवून गप्प बसले, आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी कामावर उशीर झाल्याचं खापर सूर्यावर फोडलं. डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"मर्यादा नाही," त्या म्हणाल्या. "हा डबा तुमच्याजवळच राहू द्या. आमच्याकडे राहिला तर साहेब लोक एकमेकांच्या जिवावर उठतील. तुम्ही भले माणूस आहात."

सूर्य ज्याच्या मुठीत आला होता त्या माणसाने पहिलं काम काय केलं? गल्लीतल्या नळावर "पाणी दिवसभर येईल" असं लिहिलं. नळ बंद केला तरी यायला लागलं, तेव्हा वर "नळ उघडल्यावर" असं घालावं लागलं. दुसरं काम वहिनीच्या गुडघ्यांसाठी. घराच्या जिन्याजवळ त्याने बारीक अक्षरात लिहिलं, "हा जिना चढताना दमायला होत नाही." वहिनी इतकी खूश झाली की काम नसतानाही वरखाली करू लागली.

मग गिऱ्हाइकांची रीघ लागली. बेकरीवाल्याच्या दारात धाकट्याने "येथे वाहने उभी करू नयेत" लिहिलं, तर उभ्या गाड्या आपण होऊन चालू पडल्या. एक गाडी तर आत झोपलेल्या मालकाला घेऊन पार नदीपर्यंत गेली. वाचनालयात "शांतता राखा" लिहिलं, तर ग्रंथपालबाईंना शिंकसुद्धा बिनआवाजाची येऊ लागली. त्या भांडायला दुकानाकडे निघाल्या, आणि वाचनालयाच्या फाटकाबाहेर पडताच सकाळपासून साठलेला सगळा आवाज एकदम फुटला. रस्त्यावरचं कुत्रं घाबरून पळालं. धाकट्याने हात जोडून त्यांची माफी मागितली आणि पाटीत "शक्यतो" हा शब्द घातला. सत्ता कशी वापरावी हे त्याला कुणी शिकवायची गरजच पडली नाही. जिथे चुकेल तिथे तो निमूट जाऊन खरवडून यायचा.

आणि दादा? सुरुवातीला दादाची छाती दोन बोटं वर आली होती. "आमच्या धाकट्याचा हात म्हणजे काय समजलात!" असं तो दारात उभा राहून सांगायचा. पण लोक फार दुष्ट असतात. ते आत आले की दादाच्या टेबलाला वळसा घालून थेट स्टुलाकडे जायला लागले. नमस्कार आधी स्टुलाला. एक पुढारी आले, त्यांनी दादाला "जरा सरकता का?" म्हटलं आणि धाकट्यापुढे वाकून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले. धाकट्याने ब्रशही न उचलता सांगितलं, "दादाला विचारा." तो प्रत्येकाला हेच सांगायचा. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतंच. पण आयुष्यभर स्वतःच्या हक्काने जे मिळालं ते आता दुसऱ्याच्या मेहेरबानीने मिळतंय, असं दादाला वाटायला लागलं, आणि त्याचं जेवणावरचं मन उडालं.

एकदा जेवताना धाकटा गमतीने म्हणाला, "दादा, तुझ्या उशाशी एक पाटी लावू का? 'येथे घोरू नये.'"

वहिनी ठसका लागेपर्यंत हसली. दादाचा घास मात्र हातातच राहिला. तो धाकट्याच्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. धाकटा त्या हाताने भाजी वाढून घेत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही.

काही दिवसांनी एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, दादा म्हणाला, "धाकट्या, एवढ्या लोकांच्या पाट्या केल्या, आपल्या दुकानाला पाटी नाही बघ."

धाकट्याच्या हातातला ब्रश थांबला. हे त्याच्या मनात केव्हापासून होतं, पण दादाला सुचवायचं कसं म्हणून त्याने कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"काय लिहायचं?" त्याने विचारलं.

"आपल्या दोघांची नावं, आणखी काय. खाका मी करतो. त्या डब्यातल्या रंगाने कर, म्हणजे कायमची राहील. काचेवर आतून कर."

काचेवर लिहायचं तर पेंटर आतूनच लिहितो, म्हणजे बाहेरून हात लागून रंग जात नाही. आतून लिहायचं म्हणजे उलटं लिहायचं. रस्त्यावरून सरळ दिसण्यासाठी आतून आरशातल्यासारखं, उजवीकडून सुरुवात करून, वेलांट्या भलत्या बाजूला. नवशिक्याचं डोकं फिरतं. धाकट्याला ते सोपं जायचं, कारण जो वाचतच नाही त्याला सुलटं काय आणि उलटं काय! दादाने खाका पालथा करून काचेला लावला, कापऱ्या हाताने पुरचुंडी आपटली, कागद काढला आणि घडी घालून खिशात टाकला.

धाकटा उजवीकडून सुरू झाला. पहिला शब्द भरून झाल्यावर त्याने आयुष्यात प्रथमच धडा मोडला. मान वाकडी करून, मनातल्या मनात अक्षरं उलटवून, त्याने तो शब्द वाचला. "धाकटा."

"दादा," त्याचा आवाज चिरकला, "माझं नाव आधी घातलंस?"

"हं," दादा टेबलावरून म्हणाला. "रंगव."

धाकट्याचे डोळे भरून आले. पुढची अक्षरं त्याला पुसट दिसत होती, पण ठिपके कळत होते आणि हाताला रस्ता पाठ होता. पुढचं त्याने वाचलं नाही. वाचायचं कशाला? काय लिहिलंय ते दादाने सांगितलं होतं. सगळं भरून झाल्यावर त्याने आपल्या मनाने अक्षरांना सावली दिली, आणि सावलीला बारीक सोनेरी कड. इतकी कामं केली, पण अशी सावली त्याने कुणालाच दिली नव्हती. आपल्या भावाला द्यायची म्हणून त्याने ती हाताने घोटून घोटून काढली.

"झालं?" दादा मागे येऊन उभा होता.

"झालं."

"आता या काचेला हात लावायचा नाही."

"बरं," धाकटा म्हणाला. त्याला वाटलं, ओली आहे म्हणून सांगतोय.

त्याला पाटी बाहेरून बघायची घाई झाली होती. तो चप्पल शोधत दाराकडे निघाला, तेवढ्यात दादा म्हणाला, "बस."

आणि धाकटा बसला. होता तिथेच, फरशीवर, मधल्या वाटेत. दादा बस म्हणाला की तो आयुष्यभर बसतच आला होता. पण आजपर्यंत बसायच्या आधी त्याच्या मनात एक "बरं" यायचं. ते "बरं" त्याचं स्वतःचं असायचं. आज ते आलंच नाही, गुडघे आपले थेट वाकले.

"ऊठ," दादा हळूच म्हणाला. धाकटा उठला. "बस." बसला. "ऊठ."

दादाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. घाम होता. तेवढ्यात फोन वाजला आणि दादा सवयीने तिकडे वळला. धाकटा अनवाणीच बाहेर गेला, रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीशी उभं राहून त्याने गिऱ्हाइकासारखी ती पाटी वाचली.

"धाकटा दादाचं ऐकेल."

सावली फार सुंदर आली होती. उन्हात सोनेरी कड चमकत होती.

शेजारी इस्त्रीवाल्याचा धाकटा भाऊ डोक्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन उभा होता. हा मनुष्य कित्येक वर्षं थोरल्या भावाशी बोलत नव्हता, वेगळी चूल मांडून बसला होता. "दादा, हे कुठे ठेवू?" असं तो विचारत होता, आणि आपल्या तोंडातून हे काय निघतंय म्हणून त्याचे स्वतःचे डोळे पांढरे झाले होते. थोरला इस्त्रीवाला खुशीत त्याला आणखी एक गाठोडं दाखवत होता. दादाने खाका केला होता एकासाठी, आणि गल्लीतल्या सगळ्याच धाकट्यांचं वाटोळं झालं होतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी धाकटा पोट धरून हसला असता.

तो परत दुकानात आला. तळपायाला रस्त्याची धूळ, मस्तकात राग.

"दादा, हे काय आहे?"

"रागावू नकोस," दादा घाईने म्हणाला.

आणि राग गेला. दिवा मालवावा तसा गेला. दादाला तर कळलंही नाही की आपण आत्ता काय केलं, तो आपला रोजचा शब्द बोलला होता. धाकटा रिकाम्या छातीने त्याच्यापुढे उभा राहिला. रागावता येत नव्हतं, तेव्हा त्याने नुसतं विचारलं, "मी कधी तुझं ऐकलं नाही का रे?"

"ऐकलंस की."

"मग?"

"तेव्हा तुझ्या हातात काही नव्हतं." दादा खुर्चीची पाठ धरून बोलत होता. "आता सूर्य ऐकतो तुझं. उद्या मी काही बोललो, तुला लागलं, आणि तू नुसती एक ओळ लिहिलीस, तर मी काय करणार? माझा हात तर ब्रशसुद्धा धरत नाही."

"मला कधी लागलं का तुझं बोलणं?"

"कधीच लागलं नाही, म्हणून तर भीती वाटली. एवढं सगळं गेलं कुठे? तुझं लग्न, तुझं... सगळं. कुठेतरी साठलेलं असेल ना?"

धाकट्याने मान हलवली. काहीच साठलेलं नव्हतं. आजपर्यंत नव्हतं.

"नुसतं म्हणायचं होतंस, 'धाकट्या, तो डबा फेकून दे.' मी त्याच पावली जाऊन फेकला असता."

हे खरं होतं आणि दादालाही ते माहीत होतं. माहीत असूनही तो त्या कागदाला टाचणीने भोकं पाडत बसला होता, एकेक, सगळ्या अक्षरांच्या कडेने. एवढी भोकं पाडायला किती वेळ लागतो हे धाकट्याला चांगलं ठाऊक होतं. मध्येच कुठेतरी थांबता आलं असतं.

दादा अचानक म्हातारा दिसायला लागला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "माफ कर मला."

आणि धाकट्याने माफ केलं. दादाचं वाक्य संपायच्या आत छातीवरचं ओझं उतरलं, मन धुतल्यासारखं साफ झालं, दादाविषयी पहिल्यासारखी माया दाटून आली. "केलं," तो म्हणाला. त्याने हसूनसुद्धा दाखवलं.

दादाने ते हसू बघितलं आणि तो मागे सरकला.

"खरं सांग. केलंस?"

"केलं," धाकटा म्हणाला, आणि खरं सांगायची आज्ञा असल्यामुळे पुढचंही बाहेर पडलं. "पण मी नाही केलं."

दादाने डोक्यावर हात मारून घेतला. "खरवड," तो ओरडला. "खरवडून टाक ती! आत्ताच्या आत्ता!"

धाकट्याने पातं घेतलं. शेवटचा शब्द निघाला तशी पलीकडे रस्त्यात दोन गाठोडी धाडकन पडल्याचा आवाज आला आणि इस्त्रीवाल्याच्या धाकट्या भावाच्या तोंडून साठलेल्या शिव्यांचा पट्टा सुटला. इकडे धाकट्याची मायाही निघून गेली. माफीही गेली. आधी दाबलेला राग सावकाश वर आला, आणि त्याच्या पाठोपाठ आलं ते रागापेक्षा वाईट होतं. आपल्याला ज्याने हाताला धरून अक्षर शिकवलं त्याने त्याच अक्षरात आपल्याला बांधलं, आणि आपण त्याला सोनेरी कड लावून दिली! धाकटा हुंदका देऊन रडला. सावली निघायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती त्याने मनापासून घोटली होती.

काच साफ झाली. दादा आता "माफ कर" म्हणेना. आता त्याला "नाही" असं उत्तर येऊ शकत होतं. त्याची नजर डब्यावर गेली.

"धाकट्या," तो अगदी हळू म्हणाला. "तूच लिही ना काहीतरी. 'सगळं पूर्वीसारखं आहे,' असं लिही. तू सूर्य हलवलास, तुला एवढं जमणार नाही?"

जमलं असतं. धाकट्याला ते ठाऊक होतं. त्याला जगात दुसरं काही नकोच होतं. त्याने डबा उघडला, ब्रश बुडवला, एक कोरी पाटी मांडीवर घेतली आणि ब्रशचं टोक पाटीच्या अगदी जवळ नेलं. दादा टक लावून बघत होता. काळा थेंब टोकाशी जमला, लोंबला, आणि परत डब्यात पडला.

"काय झालं? लिही की."

"पूर्वी पाटी नव्हती, दादा."

त्याने डब्याचं झाकण तळहाताने ठोकून घट्ट बसवलं. ब्रश धुतला, फडक्याने पुसला, टोक वर करून बरणीत उभा केला. चपला घातल्या. डबा काखेत धरला आणि तो बाहेर पडला.

"कुठे चाललास?" मागून दादाने विचारलं.

धाकटा रस्त्यात थांबला. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीत नाही. आजवर हे त्याला नेहमी दादाच सांगत आला होता.